तपनीत, चिखलात अन् कापसाच्या हंगामात गाडी कशी सांभाळायची

आपल्या इकडे पिकअप घ्यायची म्हटली की माणूस ॲव्हरेज विचारतो, पासिंग विचारतो, हप्ता किती बसते ते विचारतो, हौदा किती फुटाचा ते टेप लावून मोजतो, पण रेडिएटरमधे कोणतं पाणी टाकायचं हे शोरूममधे कोणीच विचारत नाही. अन् माझं मत असं आहे भाऊ, की विदर्भात गाड्यांचे जे मोठे खर्च निघतात, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवा, त्याच्या खालचं गॅसकेट टाका, पिस्टन पाहा, त्यातले बहुतेक पाण्यापासून अन् तपनीपासून सुरू होतात. म्हणून पाण्याचं पहिले लिहितो, बाकीचं मागून. पिकअप, छोटा हत्ती, जुनी जीप, ट्रॅक्टर, घरची कार, मोटरसायकल, ज्याच्याकडे जे असेल त्यानं आपल्या कामाचं उचलावं.

कधी काय पाहायचं ते आधी सांगतो. कंपनीचं पुस्तक किलोमीटरवर चालते, इतक्या हजाराला ऑईल अन् इतक्या हजाराला फिल्टर, ते पाळाच, वॉरंटी त्याच्यावरच असते. पण आपली गाडी जिनिंगच्या लायनीत इंजिन चालू ठेवून तासन् तास सरकत राहते, पांदणीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेटत राहते, मीटरवर किलोमीटर कमी दिसतात अन् इंजिन मात्र भरपूर फिरलेलं असते. म्हणून किलोमीटर काहीही असो, वर्षातून तीन डाव गाडीला एक अख्खा दिवस द्या. होळीच्या आगेमागे पाणी, पट्टे, बॅटरी अन् टायर. मृग लागायच्या आधी ब्रेक, वायपर, लाइटा अन् वायरिंग. अन् दसऱ्याला ऑईल, फिल्टर, ग्रीस, पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कारण तिथून सोयाबीन अन् कापसाची ओढ सुरू होते. दसऱ्याला तसंही आपण गाडी धुतो, हार घालतो, त्याच दिवशी बॉनेट पण उघडा.

आता पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला अन् बुलडाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा आहे, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव ही सगळी गावं, तिथल्या माणसाला बोअरचं पाणी कसं असते ते सांगायची गरज नाही. तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, बादलीत पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अन् इंजिनच्या आतल्या पाण्याच्या वाटांमधे बसतो, अन् एकदा बसला की इंजिनची गरमी पाण्यापर्यंत पोचतच नाही. वरून मीठ ॲल्युमिनियमला अन् वॉटरपंपाला खाते ते वेगळंच. रेडिएटर बाहेरून नवाकोरा दिसतो, आतून निम्म्या नळ्या बुजलेल्या. हिवाळ्यात काहीच कळत नाही, काटा आपल्या जागी राहते, अन् मे महिन्यात अकोल्याला ४५ डिग्रीमधे माल भरून चढ लागला की एकदम काटा वर. मग लोक म्हणतात काल तर गाडी चांगली होती बाप्पा. काल ती फक्त थंडीमुळे चांगली होती. खारपाणपट्ट्याच्या बाहेरही विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, म्हणून हे सगळ्यांनाच लागू समजा.

तर करायचं असं, की रेडिएटरमधे विहिरीचं, बोअरचं, हातपंपाचं पाणी टाकूच नका. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायचं रंगीत औषध, ते अन् डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट मिळते ते. डब्यावर नीट वाचा, तयार असलेल्यात अजून पाणी घालायचं नसते. साधं पाणी १०० डिग्रीला उकळते, अर्ध्या कूलंटचं १०६-१०७ च्या आसपास, अन् रेडिएटरची कॅप दाब नीट धरत असेल तर तेच मिश्रण १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे त्या दोनतीनशे रुपयांच्या कॅपवर अख्खं इंजिन टिकून असते. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, स्प्रिंग ढिली पडली की बदलून टाका, त्यात विचार करायचं काही नाही.

जुनं पाणी काढायचं असेल तर गाडी पूर्ण थंड असताना काढा, शक्यतो सकाळी. खालचा कॉक किंवा खालचा पाइप सोडून सगळं निघू द्या, मग डिस्टिल्ड किंवा आरओचं स्वच्छ पाणी भरा, गाडीला हिटर असेल तर तो फुलवर ठेवून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, परत थंड करा, परत काढा. पाणी गढूळ निघते तोवर हे करत राहायचं. शेवटी कूलंट भरताना कॅप उघडी ठेवून इंजिन चालू ठेवा, आतली हवा बुडबुड्यांनी निघते, पातळी खाली जाते, तसं तसं वरून भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डाव परत पाहा, थोडं कमी झालेलं असतेच. अन् एक गोष्ट फार महत्त्वाची, काढलेलं जुनं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा नालीत सोडू नका. ते चवीला गोड लागते अन् विषारी असते, कुत्रं, वासरू, बकरी पिऊन घेते. कॅनमधे भरून झाकण लावून गॅरेजमधे देऊन टाका.

आपल्याकडे अजून एक सवय आहे, गाडी गरम होते म्हटलं की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. ते पाणी सोडणारं वॉल असते, इंजिन ८०-८५ च्या वर गेलं की उघडते. काढून टाकलं की उन्हाळ्यात दोन दिवस बरं वाटते, पण हिवाळ्यात इंजिन बराच वेळ थंडच चालते, डिझेल जास्त जाते, ऑईल खराब होते, अन् नवीन गाडीत तर कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्तच डिझेल फेकतो. वॉल अडकलं असेल तर नवीन टाकायला सांगा. काढून टाकू नका.

रस्त्यावर गाडी गरम झालीच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, नव्या पोरांना तर पहिले. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला की एसी बंद, हिटर फुल अन् काचा खाली. ऐकायला उलटं वाटते, पण हिटर इंजिनचीच गरमी बाहेर काढतो. सावली पाहून बाजूला घ्या. काटा लाल मधे गेला, वाफ निघून राहिली, किंवा पट्टा तुटला असं वाटलं तर मग एक किलोमीटर पण पुढे नेऊ नका, पुढच्या फाट्यावर गॅरेज आहे म्हणून नेलेल्या गाडीचंच हेड वाकते. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा अन् अर्धा-पाऊण तास हात लावू नका. कॅप गरम असताना उघडली तर उकळतं पाणी सरळ तोंडावर येते, चेहरे भाजलेली माणसं आपल्या तालुक्यात शोधायला लांब जा लागत नाही. गरम इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, तडा जाते. थंड झाल्यावर जवळचं प्यायचं पाणी टाकून घरापर्यंत आलं तर चालते, तेवढ्यापुरतं, मग ते काढून परत कूलंट भरा.

अन् गरम कधी होते यावरून बिमारी कळते. थांबल्यावर, लायनीत, बाजारात गरम होते अन् चालत्या गाडीत काटा खाली येते, तर पंखा पाहा. उलट रस्त्यावर जोरात चालवताना, चढावर गरम होते अन् गावात ठीक राहते, तर रेडिएटर बुजलेला आहे नाहीतर पाणी नीट फिरत नाही. पाणी कमी होत राहते पण खाली थेंब दिसत नाही, ऑईलच्या काडीवर चहात दूध टाकल्यासारखा रंग आला, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमधे सारखे बुडबुडे येतात, मग गॅसकेट गेलं आहे, तिथं टाळाटाळ केली तर खर्च वाढतच जाते.

कापसाच्या हंगामात अजून एक भानगड होते अन् ती बाहेरच्या मिस्त्र्याच्या लवकर लक्षात येत नाही. जिनिंगमधे, खरेदी केंद्रावर हवेत जो रुवा म्हणजे कापसाचा बारीक तंतू उडत राहतो तो पंख्याच्या ओढीनं समोरच्या जाळीतून आत जाऊन एसीच्या कॉइलच्या अन् रेडिएटरच्या मधात बसते. त्याच्यावर धूळ, त्याच्यावर सोयाबीनचं कुटार, अन् काही दिवसांत गादीच तयार होते. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. हौदा झाडता तसं आठवड्यातून एक डाव टॉर्च घेऊन दोघांच्या मधात पाहा. साफ करताना गाडी थंड पाहिजे, पाणी किंवा हवा इंजिनकडून बाहेरच्या बाजूला मारायची, अन् वॉशिंगवाल्याची फुल प्रेशरची गन जवळून मारू देऊ नका, पत्र्याच्या पापण्या वाकून बंद होतात अन् मग साफ असूनही हवा जात नाही.

टायरबद्दल आपल्याकडे एक समज लय पक्का बसला आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. हे एकदम उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते अन् सुटते, त्या दबण्या-सुटण्यानं रबर आतून तापते, आतले धागे अन् तार रबरापासून सुटायला लागतात, अन् टायर फुटतो तो त्या गरमीनं. बरोबर हवा भरलेला टायर उन्हानं चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढला तरी कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळ स्टिकर असते, रिकाम्या अन् भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, तेच भरा, पंचरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. दुपारी मधात मोजली अन् जास्त दिसली म्हणून हवा काढायची नाही, रात्री थंड झाल्यावर ती कमी पडते. स्वतःचं हवा मोजायचं मीटर घ्या, गाडीच्या किमतीपुढे काहीच महाग नाही. नायट्रोजन फुकट मिळाला तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असते, तेव्हा त्याच्यासाठी लांब जायचं अन् एरवी महिना महिना हवाच पाहायची नाही, असं करू नका.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे अजूनच जरुरीचं झालं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सिमेंटचा सरळ रस्ता, नागपूर-शिर्डीचा भाग २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला अन् आपली पोरं त्याच्यावर एकाच स्पीडनं दोन-दोन तास थांबत नाहीत. गावच्या रस्त्यावर खड्ड्यांमुळे स्पीडच लागत नाही, टायरला मधात श्वास मिळते, तिथं मिळत नाही. वर चढायच्या आधी हवा पाहा, टायरच्या बाजूला हात फिरवून फुगा, चिरा पाहा, नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर त्या रस्त्यावर जाऊच नका. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटा असते, तो वरच्या रबराच्या बरोबरीला आला की टायर संपला. टायरचं वय पण पाहा, बाजूला चार आकडे असतात, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. घरची कार जी वर्षभर अंगणात उन्हात उभी राहते अन् लग्नसराईत निघते, तिची नक्षी नवी दिसते पण रबर सुकलेलं असते, तिचे आकडे पहिले पाहा. स्पीडचं अक्षर असते, एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, पण ते चांगल्या टायरला, बरोबर हवेवर अन् बरोबर वजनावर. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेला टायर समोर लावू नका, मागे लावला तरी अशा रस्त्यावर नको.

वावरातले धोके वेगळे. बाभळीचा काटा आपल्याला माहीत आहेच, पण त्याच्यापेक्षा वाईट तुरीचे अन् पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे खुंट. कापणी तिरपी झालेली असली की खुंट भाल्यासारखा उभा राहतो अन् टायरच्या बाजूत घुसतो, अन् बाजूला गेलेला टायर ट्यूबलेसचा दोरा घालून चालत नाही, तो दोरा फक्त नक्षीच्या भागात. गडी माणसांना सांगून ठेवा की गाडी जिथून फिरते तेवढ्या पट्ट्यातले खुंट जमिनीलगत कापा किंवा उपटून टाका. धुऱ्यापर्यंत डोक्यावर माल आणा लागला तरी चालते, टायर वाचते.

वजनाचं बोलायचं तर १.७ टनाची पिकअप म्हणजे सतरा क्विंटल. हे गणित सगळ्यांना येते अन् तरी तुरीचे पोते तीस-तीस क्विंटल भरतात, का तर जास्तीचे पाटे टाकून घेतले आहेत. पाटे टाकले म्हणजे गाडी मागून बसत नाही, एवढंच होते. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, टायर तेच, क्लच प्लेट तीच. उतारावर थांबा लागलं की तिथं पाट्यांचा काही उपयोग नाही. कापसाचं दुसरंच, तो वजनात कमी अन् उंचीला जास्त, केबिनच्या वर डोंगर जाते, वळणावर अन् आडव्या हवेत गाडी कलते. त्याला दोर आडवे-उभे दोन्ही मारा, ताडपत्री पूर्ण झाका, अन् हौद्यावर कोणाला बसू देऊ नका, खरंच देऊ नका, मजूर असो की घरचं पोरगं.

आता युरियाचं. २०२० च्या एप्रिलपासून नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या आल्या अन् बऱ्याच डिझेल गाड्यांना डिझेलच्या बाजूला निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. तिच्यात जे टाकतात त्याला डीईएफ म्हणतात, त्यात ३२.५ टक्के युरिया अन् बाकी शुद्ध केलेलं पाणी. हे कळल्यापासून गावागावात एकच डोकं चालून राहिलं, की घरात युरियाची चुंगडी पडली आहे, बादलीत घोळून टाकून देऊ. नका करू भावांनो. शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्ण निंबोळी तेल लावलेला येते, त्यात बाकीचे घटक पण असतात, वरून आपलं क्षारांचं पाणी, हे सगळं सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या महाग भागात अन् नोझलमधे जाऊन दगड होते. तो भाग बदलायचा खर्च ऐकाल तर बंडी-बैलजोडी आठवेल. अन् अनुदानाचा शेतीचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणं कायद्यानं गुन्हा आहे ते पण लक्षात ठेवा. सीलबंद डबा घ्या, सावलीत ठेवा, उन्हात पडलेला डबा खराब होते. पेट्रोल पंपावर चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं, किंवा उलटं झालं, तर चावी फिरवूच नका, टाकी रिकामी करून धुऊनच चालू करायची.

ह्याच गाड्यांमधे धुराची काजळी धरणारा फिल्टर असते. गावातल्या गावात, घर ते वावर, पाच-सात किलोमीटर अन् बंद, असं महिनाभर चाललं की तो भरून जाते अन् लाइट लागते. लाइट लागली की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन एका लयीत पंधरा-वीस मिनिटं चालवा, मधात बंद करू नका, तो आपल्याआप काजळी जाळते. माझं सरळ मत सांगतो, ज्याचं काम फक्त घर ते वावर आहे त्यानं नवीन डिझेल कार घेण्यात काही फायदा नाही, पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी. डिझेल ज्याची गाडी रोज लांब पळते त्याला.

डिझेल कॅनमधे आणून घरी ठेवायची सवय ट्रॅक्टरमुळे सगळ्यांना आहे. झडीच्या दिवसांत कॅनमधे पाणी जमते, वरून ओतताना धूळ जाते, अन् आजकालचे इंजेक्टर इतके बारीक की थोडं पाणी पण त्यांना चालत नाही. कॅनचं तळातलं दोन बोटं डिझेल टाकीत ओतू नका. फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असते, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी सोडून पाहा, आधी पाणी येते मग डिझेल, डिझेल आलं की बंद करा.

हवेचा फिल्टर आपल्या धुळीत पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर भरते, हार्वेस्टरच्या अन् थ्रेशरच्या दिवसांत तर आठवड्यात. कागदी फिल्टर आतून बाहेर, हलक्या हवेनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, दगडावर आपटायचा नाही. उजेडाला धरून पाहा, बारीक छिद्र दिसलं तर फेका, त्या छिद्रातून गेलेली माती पिस्टन घासते. जुन्या ट्रॅक्टरला ऑईलवाला एअर क्लीनर असते, त्याची वाटी काढून पाहा, खाली चिखल बसला असेल तर ऑईल बदला अन् खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलं तर इंजिन ते ऑईल ओढून घेते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टर राहते, तिथं रोज संध्याकाळी प्रत्येक निपलला ग्रीस मारा, जुनं मळकं ग्रीस अन् पाणी बाहेर निघून नवीन दिसेपर्यंत. सील गळून राहिलं असेल तर हंगाम संपायची वाट पाहू नका, आत चिखल गेला की बेअरिंग गेलंच.

उंदराचं पण सांगा लागते, कारण आपण गाडी उभी करतो ती कापसाच्या खोलीजवळ नाहीतर धान्याच्या कोठीजवळ. हिवाळ्यात गरम इंजिनवर उंदीर येऊन बसते, कापूस आणून घर करते, वायरी कुरतडते, अन् सकाळी चावी फिरवली तर सगळ्या लाइटा लागलेल्या. गाडी धान्यापासून लांब उभी करा, रात्री बॉनेट उघडं ठेवता येत असेल तर ठेवा, अंधार नसला की तो बसत नाही. खालून बारीक जाळी बसवून घेता येते. तंबाखूची पानं, डांबर गोळ्या लोक ठेवतात, थोडे दिवस फरक पडते, वास उडला की परत येतात. उंदीर मारायचं औषध इंजिनमधे ठेवू नका, मेलेला उंदीर पंख्यात नाहीतर एसीच्या वाटेत सडते. अन् बरेच दिवस उभी असलेली गाडी चालू करायच्या आधी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा, तिथं घर असलं तर तो कापूस सरळ इंजिनमधे जाते.

पावसाळ्यात काळ्या मातीची गोष्ट. पांदणीतून आलं की चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या ड्रमजवळ जो गाळ बसते तो ओला असतानाच धुवा, वाळला की सिमेंट. रिमच्या आत एका बाजूला गाळ राहिला तर रस्त्यावर स्टिअरिंग थरथरते अन् लोक अलाइनमेंटला पैसे घालतात. धुतल्यावर घरासमोर दोन-तीन डाव ब्रेक हलका दाबून चालवा म्हणजे पाणी सुकते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढते, दोन वर्षांत बदलाच, गाडी कमी चालली असली तरी. परतवाड्यावरून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे किंवा चिखलदऱ्याकडे जाणाऱ्यांना हे जास्त लागू, कारण तिथं उतारावर ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा लागते. सारखा ब्रेक दाबून उतरलात अन् आतलं ऑईल पाणी धरलेलं असलं, तर ते उकळते, त्यात वाफ होते अन् पेडल सरळ खाली जाते. न्यूट्रलमधे डिझेल वाचवायला उतरणारे पण पाहिले आहेत, त्यात डिझेल वाचत नाही, नवीन गाडी गिअरमधे ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना डिझेल सोडतच नाही.

बॅटरीचं थोडक्यात. तिला तपन मारते, मरते ती हिवाळ्याच्या पहिल्या थंड सकाळी. पाणीवाली असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा डिस्टिल्ड पाणी पाहा, टर्मिनलवर पांढरं-निळं आलं तर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं धुऊन वरून व्हॅसलिन लावा. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट अन् चालू असताना १४ च्या आसपास दिसलं की सगळं ठीक. मोटरसायकलची चेन जळालेल्या ऑईलनं माखू नका, सगळी धूळ धरून ती चेनला घासत राहते. रॉकेलच्या फडक्यानं पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल थोडं लावा अन् जास्तीचं पुसून घ्या.

मिस्त्री एकच ठेवा अन् त्याचे पैसे वेळेवर द्या, उधारीवाल्याची गाडी शेवटी लागते हे सगळीकडे सारखंच आहे. काम करताना शक्य असेल तर समोर उभे राहा, काढलेला जुना पार्ट मागून घ्या, नव्याचा डबा अन् बिल ठेवा. मिस्त्री म्हणाला की सगळंच बदला लागते तर आधी काय बिघडलं अन् कशानं बिघडलं ते विचारा, चांगला मिस्त्री आनंदानं दाखवतो. अन् डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा, ऑईल कधी, किती किलोमीटरला, कोणतं, कूलंट कधी, टायर कोणत्या सालचे. गाडीत स्टेपनी हवा भरलेली, जॅक, पाना, चाकाला लावायला लाकडाचा ठोकळा, टोचन करायला दोर, टॉर्च, पाच लिटर स्वच्छ पाणी अन् एक जास्तीचा पंख्याचा पट्टा एवढं कायम असू द्या. घरच्या बायांना, पोरींना पण चाक बदलायचं शिकवा, गाडी उभी करून अंगणात एक डाव प्रत्येकाच्या हातानं नट सोडून बसवून घ्या, कारण हवेच्या मशीननं आवळलेले नट रस्त्यावर हाताच्या पान्यानं सुटत नाहीत, ते घरीच कळलेलं बरं, अन् सुटत नसले तर लांब दांड्याचा पाना घेऊन ठेवा.